मगर, कोंबडी आणि मध्ये आबारावकाका

कोंबडी आणि मगर एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, असं मी अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या सुट्टीनंतर भोकरदनच्या आमच्या शिक्षक-खोलीत जाहीर केलं, तेव्हा गणिताचे सर डबा खात होते. ते म्हणाले, "म्हणजे आज माझ्या डब्यात मगरीच्या भाचीचं अंडं आहे म्हणायचं." सगळे हसले. विज्ञानाच्या शिक्षकाला हसण्याची आमच्या शाळेत जुनी पद्धत आहे. इंग्रजीच्या सरांना कोणी हसत नाही, कारण ते काय बोलले हे कोणालाच कळलेलं नसतं.

मला हसण्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं कारण वेगळं होतं. जालन्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांसाठी वेगळा गट असतो, आणि त्यात अकरा वर्षं मी 'पाण्याचे शुद्धीकरण' हा प्रयोग नेत होतो. चार मडकी, वाळू, कोळसा. अकरा वर्षांत मला अकरा सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली, त्यातल्या तिनांवर माझं नाव चुकलेलं आहे. शेवटच्या वर्षी तर एका पाहुण्यांनी मडक्यातलं पाणी पिऊन "गार आहे" असा अभिप्राय दिला. त्या दिवशी मी ठरवलं, यंदा डायनासोर.

डायनासोरांची अडचण अशी की ते मेलेले आहेत, आणि तेही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मागे उरली हाडं. हाडांवरून उंची-लांबी कळते. पण तो प्राणी पिल्लांना जीव लावत होता की अंडी टाकून निघून जात होता, त्याच्या काळजाला कप्पे किती होते, हे हाड सांगत नाही. मग शास्त्रज्ञ त्याचे हयात नातेवाईक गाठतात. एका बाजूला मगर, म्हणजे चुलत घराणं. दुसऱ्या बाजूला पक्षी, म्हणजे डायनासोरांच्याच एका शाखेचा वंश. मगर घरटं करते, अंडी राखते, पिल्लांच्या आवाजाला धावून जाते. कोंबडीही तेच करते. दोघींच्या काळजाला चार कप्पे. जी गोष्ट दोन्ही बाजूंना सापडते ती मधल्यालाही असणार, असं धरून चालायचं. जी एकाच बाजूला आहे तिच्याबद्दल नुसत्या नात्यावरून बोलायचं नाही. इतकी साधी, सरळ, सभ्य पद्धत आहे ही. तिच्यापायी मी कुठे कुठे गेलो ते पुढे येईलच.

चित्रासाठी मी भुजंग पेंटरला धरलं. भुजंग म्हणजे दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि वारलेल्या माणसांचे फोटो रंगवणारा, तालुक्यात नाव असलेला माणूस. त्यानं सहा फुटी प्लायवूडवर डावीकडे मगर काढली. मगर त्यानं पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती घोरपडीवर गेली. उजवीकडे कोंबडी काढली, ती मात्र फार सुरेख झाली. मधला डायनासोर अंड्यांवर बसलेला. चीनमध्ये अंगावर पिसांसारखं काहीतरी असलेला एक लहान डायनासोर दगडात सापडल्याची बातमी मी कापून ठेवली होती, म्हणून शेपटीला थोडी पिसंही आग्रहानं काढायला लावली.

"रंग कोणता देऊ सर?" भुजंगनं विचारलं.

"रंग कोणालाच माहीत नाही. मगर वेगळ्या रंगाची, कोंबडी वेगळ्या."

"मंग हिरवा देतो. ट्रॉलीचा डबा उरलाय."

अशा रीतीनं डायनासोर हिरवा झाला.

फळा वाळायला आमच्या ओसरीत ठेवला होता. तिथेच जयवंताबाई, म्हणजे माझी चुलती, तुरी निवडत बसली होती. मी दोन वर्षांचा असताना माझी आई गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते या काकूनं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी माझ्या धाकट्या चुलत्याशी, आबारावांशी झालं, आणि तिच्या सतराव्या वर्षी आबारावकाका तापानं गेले. त्यानंतर वर्षभरानं मी जन्मलो. म्हणजे काकांना मी पाहिलेलं नाही, आणि त्यांचा फोटोही नाही. आमच्या भिंतीवर आजोबांपासून सगळ्यांचे फोटो आहेत, त्यांच्या शेवटी एक मोकळा खिळा आहे. पितरांना पान वाढताना सगळे फोटो खाली उतरवून पाटावर मांडतात आणि आबारावकाकांच्या जागी सुपारी ठेवतात. त्या सुपारीला काकू स्वतःच्या हातानं गंध लावते.

"बद्री, हे मधलं जनावर पाह्यलं का रं कुनी?" काकूनं विचारलं.

"कोणीच नाही."

"फोटू?"

"फोटो कुठला, काकू? माणूसच नव्हता तेव्हा."

"मंग तोंड कसं काढलं?"

मी तिला मगर सांगितली, कोंबडी सांगितली, चार कप्पे सांगितले. वर्गात एवढ्या शांतपणे माझं कोणी ऐकत नाही. काकूनं सूप खाली ठेवलं.

"मंग तुह्या काकाचं काढता येईल का रं?"

मला हसू आलं, आणि तिचं तोंड पाहून ते जिथल्या तिथे राहिलं.

"चाळीस-पंचेचाळीस वर्सं दिसत होते मला," ती हळू आवाजात म्हणाली. "डोळे मिटले का हजर. आता दोन वर्सं झाली, दिसंनात. फेटा दिसतो, अंगरखा दिसतो, अन् मधी तोंडाच्या जागी कायच न्हाई. कुनाला बोलले न्हाई मी. पर वर गेल्यावर वळखू कसी? ते आपले तरणे असतील, अन् मी अशी म्हातारी. त्यांच्यानं तर मला वळखनं व्हनार न्हाई. मलाच वळखावं लागंल."

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. वर गेल्यावर काय असतं याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि दरवर्षी जून महिन्यात मी ती आठवीच्या मुलांना ऐकवतो. त्या दिवशी ओसरीत ती मला एकही आठवली नाहीत. मी म्हणालो, "काढू, काकू."

ही गोष्ट घरातच राहिली असती, पण शेजारी काकासाहेब राहतात. ते तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून लेखी कोणी पटवून दिलेलं नाही. त्यांनी सल्ला दिला की मृताचा चेहरा ठरवायचा तर आधी साक्षीपुरावा पाहिजे. आमच्या गावात, म्हणजे भोकरदनपासून दोन कोसांवर, काकांना पाहिलेली दोन म्हातारी माणसं अजून होती. काकासाहेब ताव आणि पेन घेऊन माझ्याबरोबर आले. पहिले म्हातारबाबा म्हणाले, आबाराव ताडमाड उंच, काळाभोर. दुसरे म्हणाले, बुटका, केळीच्या गाभ्यासारखा गोरा. मग दोघांत जुंपली. ते सोडवायला गेलो तर दोघांनी मिळून मला विचारलं, तू कोण? काकासाहेबांनी दोन्ही जबाब जोडून निष्कर्ष काढला, 'मध्यम बांधा, निमगोरा.' या वर्णनात अर्धा जालना जिल्हा बसतो.

"असं नाही चालणार," मी घरी आल्यावर म्हणालो. "पद्धतीनं गेलं पाहिजे." आणि त्यांना ओसरीतल्या फळ्यापुढे उभं करून समजावू लागलो. काकांच्या एका बाजूला चुलत घराण्यातला माणूस पाहिजे. तसे एकच उरलेत, वडिलांचे चुलतभाऊ कारभारी बापू. दुसऱ्या बाजूला काकांच्या सख्ख्या भावाचा वंश, म्हणजे मी. वडिलांचा फोटो होता, पण तो ओळखपत्रासाठी काढलेला, फेटा कानांवर ओढलेला, आणि त्यात वडील कमी व घाबरलेला माणूस जास्त दिसे. तेव्हा बापूंमध्ये आणि माझ्यात जे सारखं, ते काकांमध्ये धरायचं.

"तोंडी नको," काकासाहेब म्हणाले. "लेखी दाखवा."

प्रत्येक चित्राखाली नावासाठी पांढरी पट्टी मोकळी सोडलेली होती. मी रंगीत खडू घेतला. मगरीखाली लिहिलं 'कारभारी बापू'. कोंबडीखाली 'बद्रीनाथ'. मधल्या डायनासोरखाली 'कै. आबाराव'. काकासाहेबांना एकदम पटलं. एवढ्यात प्रभावतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, नळाला पाणी आल्याची हाक मारली. भोकरदनमध्ये नळाला पाणी आल्यावर कोणी खडू पुसत बसत नाही.

आता भुजंगची एक शिस्त सांगितली पाहिजे. पाटीवर गिऱ्हाईक खडूनं जे लिहून देईल ते तो अक्षर न् अक्षर तसंच रंगवतो. पूर्वी एकदा त्यानं एका किराणा दुकानाचं नाव स्वतःच्या बुद्धीनं सुधारलं होतं आणि दुकानदारानं त्याला भर बाजारात ऐकवलं होतं. त्यानंतर त्यानं बुद्धी वापरणं सोडलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना तो आला, ऑइलपेंटनं तिन्ही नावं झोकदार काढली, खाली बारीक फुलं काढली, आणि रंगाला धूळ लागू नये म्हणून फळ्यावर चादर बांधून टाकली.

ती चादर सुटली ती थेट जालन्यात, प्रदर्शनाच्या मांडवात, परीक्षक अधिकारी माझ्यासमोर उभे असताना. फळा एसटीच्या टपावरून आणताना कंडक्टरशी झालेला वाद मी सोडून देतो. चादर ओढली आणि अधिकारी वाचू लागले.

"कारभारी बापू," ते मगरीकडे बघून म्हणाले. मग कोंबडीकडे, मग माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "बद्रीनाथ आपणच का?"

"हो सर. म्हणजे तो खडू होता सर."

"आणि हे कैलासवासी?"

"ते माझे चुलते."

अधिकारी सज्जन असावेत. त्यांनी टोपी काढली नाही इतकंच, पण क्षणभर डायनासोरसमोर खाली मान घालून उभे राहिले. मी जीव तोडून पद्धत समजावली, घरटी सांगितली, काळीज सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून हातातला छापील तक्ता काढला. त्यात एक रकाना होता, 'मूळ वस्तूचे / सजीवाचे छायाचित्र जोडले आहे काय? होय / नाही.' मी म्हणालो, "सर, डायनासोरचा फोटो कसा असेल?" ते म्हणाले, "ते मला माहीत आहे हो, पण रकान्याला माहीत नाही." आणि त्यांनी शेरा लिहिला. 'मूळ छायाचित्र नाही. रंगास आधार काय? कै. आबाराव यांचा सदर प्राण्याशी संबंध स्पष्ट व्हावा. त्रुटींची पूर्तता पंधरा दिवसांत करावी.'

शेजारच्या टेबलावर सौरचुलीवर पापड भाजत बसलेले एक शिक्षक हे सगळं ऐकत होते. त्यांनी मगरीखालचं नाव दोनदा वाचलं. "हे कारभारी बापू म्हणजे आमच्या वडीगोद्रीचे का हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

कारण बापूंना भेटायला मी दुसऱ्याच दिवशी वडीगोद्रीला जाणार होतो, आणि आमचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार, यावरून एकोणऐंशी साली माझे वडील आणि बापू यांची कडाक्याची भांडणं झाली होती. बापू त्याच वर्षी रागानं बायकोच्या गावी, वडीगोद्रीला राहायला गेले ते गेलेच. अशा माणसाकडे नाक आणि कान बघायला जायचं, ही आधीच अवघड गोष्ट. त्यात आता त्यांना मगर केल्याची बातमी संध्याकाळच्या गाडीनं माझ्या आधी पोचणार होती.

शिवाय या दिवसासाठी मी रजा काढली होती, तीही सुखासुखी मिळाली नव्हती. कारणात मी प्रामाणिकपणे 'चुलत चुलत्यांचे नाक पाहणे' असं लिहिलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आजारपण बसतं, लग्न बसतं, मयत बसतं. नाक कशात बसवू?" शेवटी त्यांनी खोडून 'घरगुती' लिहिलं. आता परत जाणं म्हणजे घरगुती रजा वाया घालवणं. मी भुजंगला बरोबर घेतलं आणि गाडीत बसलो.

बापू हमरस्त्यालगत, मुलाच्या पंक्चरच्या दुकानापुढे बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. मला लांबूनच पाहून म्हणाले, "ये कोंबडे. बस."

मी बाजेच्या कडेला टेकलो. चहा आला, पण कोणी घ्या म्हणेना.

"जालन्यात माहं चित्र लावलं म्हने. दात किती काढले?"

मी काही बोलायच्या आत भुजंग प्रामाणिकपणे म्हणाला, "बत्तीस, बापू."

"माहे चार राह्यले. बाकीचे कोनाचे लावले?"

यावर मी जे बोललो ते मला नीट आठवत नाही. क्षमा मागितली, खडू सांगितला, नळाचं पाणी सांगितलं, आणि त्यातच काकूचं सांगून टाकलं. काकूला काकांचा चेहरा दिसेनासा झालाय हे ऐकल्यावर बापूंची मान माझ्याकडे वळली. "मलाबी आता त्याचं तोंड आठवत न्हाई," ते म्हणाले. मी डायनासोरची पद्धत सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे मला काय शिकवून राह्यला? आपल्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. एडका विकला गेला, पिल्लं मागं राह्यली. तो कसा होता हे पाह्याचं तर त्याच्या वंशातलं पोर पाह्याचं, अन् चुलत कळपातला एडका पाह्याचा. दोघांची शिंगं मागं वळलेली असली तर त्याचीबी मागंच. बिलकुल बराबर हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पर ठिपका सांगता येत न्हाई. ठिपका ज्याचा त्याचा असतो. तो कुना दुसऱ्याला पाहून कळत न्हाई. ज्यानं रोज कळपात त्याला हुडकला, त्यालाच ठावं."

ही पद्धत मी ज्या विज्ञान मासिकात वाचली होती त्याला हे समजवायला आठ पानं आणि दोन आकृत्या लागल्या होत्या. मी वहीत लिहून घेतलं.

बापूंनी फेटा उतरवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचं बोडकं डोकं पाहत होतो. भुजंगनं दोऱ्यानं त्यांचं नाक मोजलं, मग माझं मोजलं. दोऱ्याची गाठ एकाच जागी आली. कानाची पाळी, कपाळाची रुंदी, हनुवटीचा खळगा, सगळं बराबर. एकोणीस वर्षं ज्याच्याकडे पाठ केली त्याला माझेच कान आहेत, हे कळल्यावर मला भरून आलं, ते मी इथं लपवत नाही.

निघताना बापू म्हणाले, "भावजयीला सांग, येत्या पोळ्याला येतो म्हनावं. बैल तुमचा पुढं जाऊ द्या. मरू दे तिकडं."

"बैल विकले, बापू. शेत दुसऱ्याला बटईनं कसायला दिलंय. तो ट्रॅक्टरनं करतो."

"विकले?" बापू रस्त्यावरच्या ट्रका बघू लागले. "मंग आपन येवढी वर्सं काहून भांडून राह्यलो?"

मी तो गार झालेला चहा प्यालो.

चित्राला भुजंगनं आठ दिवस घेतले. या आठ दिवसांत काकूनं मला चित्राबद्दल एकदाही विचारलं नाही. फक्त खिळा रोज पुसला. ज्या दिवशी भुजंग येणार होता त्या दिवशी ती पहाटेच न्हायली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि ओसरीत भिंतीला टेकून बसली. काकासाहेब आले, शेजारपाजारच्या बायका आल्या. प्रभावतीनं शेवंतीचा हार करून ठेवला होता. भुजंगनं चित्र खिळ्याला टांगलं, हार घातला आणि वरचं फडकं काढलं.

फेटा बांधलेला, मिशा वर वळवलेला मी भिंतीवरून माझ्याकडे बघत होतो.

काकासाहेबांनी शिस्तीत नमस्कार केला. एका बाईनं हळूच दुसरीला विचारलं, "सर आजारी होते का?" मग प्रभावती किंचाळली.

"अहो, जित्या माणसाला हार! काढा आधी तो! काढा म्हणते ना!" तिनं स्वतःच धावत जाऊन हार ओढला. तो तुटला आणि शेवंती ओसरीभर झाली. मी तिला समजावू गेलो की हा मी नव्हेच, हा निष्कर्ष आहे, तर तिनं माझ्या डोक्यावरून मीठमोहऱ्या उतरवायला घेतल्या.

मी भुजंगला कोपऱ्यात घेतलं. "अरे, दोघांत सारखं तेवढंच काढायचं ठरलं होतं ना?"

"तेवढंच काढलं, सर. नाक, कान, कपाळ, हनुवटी. पर डोळे, भुवया, व्हट तुमच्यात अन् बापूत जुळंनात."

"मग?"

"मंग काय करता? जागा मोकळी सोडता येत न्हाई, सर. चेहरा हाय. तुम्ही रोज समोर होते, तुमचे लावले."

मला ट्रॉलीचा हिरवा डबा आठवला. भुजंगची चूक नव्हती. माहीत नसलेल्या जागी आपण सगळेच हाताशी असलेला रंग लावतो. पण काकूकडे पाहायचा मला धीर होईना. अकरा प्रमाणपत्रं आणि एक शेरा यांचं मला त्या घडीला काहीच वाटलं नाही. जिनं मला घास भरवून मोठं केलं तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि मी तिच्यापुढे माझंच थोबाड टांगलं होतं.

काकू उठली. शेवंती तुडवू नये म्हणून पदर सावरत भिंतीपाशी गेली आणि चित्र बघत राहिली.

"हे ते न्हाईत," ती म्हणाली. "हा तू हायस."

"हो काकू. चुकलं."

"नाक बराबर हाय. कान त्यांचेच." तिनं बोट वर केलं आणि चित्राच्या डाव्या डोळ्यावर ठेवलं. "पर हितं न्हाई अशी. ही भुवई अशी सलग नव्हती..."

तिचं बोट तिथेच थांबलं.

"हितं तुटलेली होती," काकू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कोकरू काटीत अडकलं होतं, ते काढाया वाकले, अन् बाभळीचा काटा हितं वरपर्यंत फाडत गेला. रगत डोळ्यात उतरलं. घरात दुसरं कुनी नव्हतं. मीच हळद भरली, ह्या बोटानं. लग्नाला महिना झाला होता. मी म्हनलं, दुखतंय का? तर हसले. हसले की ती भुवई दोन ठिकाणी व्हायची, अन् व्हट... व्हट असा एका अंगाला..."

तिनं डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. भुजंगनं घाईनं पिशवीतून ब्रश काढला. "सांगा आजी, इथं का? अजून वर का?"

"राहू दे, बाबा," काकू डोळे न उघडता म्हणाली. "आता काढू नको. मला दिसले."

चित्र खाली उतरलं. प्रभावतीच्या समाधानासाठी ते कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे, माझी वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून. खिळा मोकळाच आहे. पितरांच्या पानाला पुढच्या वर्षीही सुपारीच ठेवली, आणि काकू तिला गंध लावताना सुपारीच्या डाव्या अंगाला, थोडं वर, एक बारीक रेघ काढू लागली.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. पंधरा दिवस संपत आले तेव्हा मी ओसरीत फळ्यासमोर त्रुटींची पूर्तता लिहायला बसलो. काकू शेजारी तुरी निवडत होती. मी वाचून दाखवलं, मूळ छायाचित्र मागतायत, आणि रंगाला आधार काय विचारतायत.

काकूनं हिरव्या डायनासोरकडे जरा वेळ पाहिलं.

"त्याच्या मागं कुनी राह्यलंच न्हाई ना रं," ती म्हणाली. "बायको जिती असती त्याची, तर तिनं बराबर सांगितला असता रंग."

मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'महोदय, मूळ छायाचित्र उपलब्ध नाही. अंडी, घरटे व काळीज यांबाबत नातेवाइकांकडून खात्री करून घेतली आहे. रंगाबाबत सांगू शकेल असे कोणी आता हयात नाही. कै. आबाराव यांचा सदर प्राण्याशी संबंध नाही. त्यांच्याबाबत सांगणारी व्यक्ती हयात आहे.'